बांगड्यांखालचे घट्टे

साहित्यातील काही प्रसंग असे असतात, की ते आपण कितव्यांदा वाचतो आहोत याचा हिशेब वाचक ठेवीत नाही. अंगी प्रचंड बळ असलेला एखादा पुरुष केवळ आपली ओळख उघडी पडू नये म्हणून चारचौघांत स्वतःला भ्याड, आळशी किंवा अडाणी ठरवून घेतो, हा त्यांपैकी एक प्रसंग. समोर एखादा दांडगट मिशांना पीळ देत बढाया मारीत असतो आणि ज्याच्या एका फटक्याने तो लोळला असता, तो कोपऱ्यात बसून जांभया देत असतो. भोवतालचे लोक त्याला हसतात. आपणही हसतो, पण आपले हसू निराळे असते, कारण त्या जांभईमागचे गुपित त्याला आणि आपल्यालाच ठाऊक असते. लेखकाने वाचकाला कटात सामील करून घेतलेले असते.

या कटाची गोडी मोठी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र वाचणाऱ्या पिढीला ती ठाऊक होती आणि आजच्या मुलांना पडद्यावरच्या मुखवटेधारी वीरांमुळे ती ठाऊक आहे. म्हणूनच की काय, या प्रकाराला आपण रंजक वाङ्मयाच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. परंतु महाभारतासारख्या ग्रंथाचे एक आखखे पर्व याच युक्तीवर उभे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे विषय इतक्या सहज निकालात काढता येत नाही. बळ लपवणाऱ्या नायकाची गोष्ट चांगली केव्हा होते आणि नुसतीच गमतीची केव्हा राहते? माझ्या मते याची कसोटी एका साध्या प्रश्नात आहे. त्या लपवण्याची किंमत कोण चुकवतो?

प्रथम पश्चिमेकडच्या तीन प्रसिद्ध कथा पाहू. बॅरोनेस ऑर्क्झी या बाईंची ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९०३ मध्ये तिचे नाटक नॉटिंगहॅमला रंगभूमीवर आले होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत गिलोटिनखाली जाणाऱ्या उमरावांना सोडवून इंग्लंडात आणणारा एक अज्ञात वीर, आणि तोच लंडनच्या दिवाणखान्यांत सर पर्सी ब्लेकनी या नावाने वावरणारा, कपड्यांच्या घड्यांपलीकडे काही न कळणारा, मठ्ठ भासणारा श्रीमंत गृहस्थ. दुसरी कथा अमेरिकेतली. जॉन्स्टन मॅक्कली यांनी १९१९ साली एका साप्ताहिकातून क्रमशः लिहिलेल्या कादंबरीत झोरो जन्माला आला. स्पॅनिश अमलातल्या कॅलिफोर्नियात गोरगरिबांना आणि धर्मगुरूंना छळणाऱ्या अधिकाऱ्यांना तलवारीचे पाणी दाखवणारा हा मुखवटेधारी स्वार दिवसा डॉन डिएगो असतो. घोड्यावर बसण्याचाही ज्याला कंटाळा आणि मारामारीचे नाव काढताच ज्याला शीण येतो असा सुखवस्तू तरुण. पुढच्याच वर्षी, १९२० साली, डग्लस फेअरबँक्सने ही भूमिका मूकपटात केली आणि झोरो जगभर गेला. तिसरा सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला हा वीर १९३८ साली चित्रकथांच्या मासिकात प्रथम अवतरला.

सुपरमॅनच्या त्या पहिल्याच कथेत आपल्या विषयाचा नमुनेदार प्रसंग आहे. चष्मेवाला वार्ताहर क्लार्क केंट आपल्या सहकारिणीला, लोइस लेनला, घेऊन नाचायला गेला आहे. एक गुंड मध्ये घुसतो आणि तिच्याबरोबर नाचण्याची जबरदस्ती करतो. क्लार्क गयावया करतो. लोइस स्वतः त्या गुंडाच्या थोबाडीत देते, क्लार्कला भेकड म्हणते आणि निघून जाते. पुढे गुंड तिची गाडी अडवून तिला पळवतात, तेव्हा सुपरमॅन येतो आणि त्यांची मोटार खेळण्यासारखी उचलून आपटतो. काही पानांत अपमान होतो आणि काही पानांत तो फिटतोही.

या तिन्ही कथांत किंमत आहे, हे मान्य केले पाहिजे; आणि ती एकाच नाण्यात दिली जाते. ज्या स्त्रीवर नायकाचे प्रेम आहे तिच्या डोळ्यांत त्याला तिरस्कार दिसतो. डिएगोची लोलिता त्याच्या मागणीला नाक मुरडते आणि झोरोवर जीव टाकते. पर्सीची बायको मार्गरीट नवऱ्याला मूर्ख समजते. नायक स्वतःचाच प्रतिस्पर्धी होतो, ही त्यातली खरी गंमत. परंतु हा तिरस्कार म्हणजे पेढीवर ठेवलेली ठेव आहे. शेवटच्या प्रकरणात ती व्याजासकट परत मिळणार, याची वाचकाला खात्री असते आणि लेखकालाही. म्हणून त्या अपमानाने आपण अस्वस्थ होत नाही. उलट तो जितका जास्त, तितके शेवटचे प्रकरण गोड.

तिघांत ऑर्क्झीबाई थोड्या खोल उतरल्या आहेत. मार्गरीटला नवऱ्याचे गुपित माहीत नसते, आणि फ्रेंच हस्तक शोव्हलँ तिच्या भावाच्या जिवाची धमकी देतो, तेव्हा ती अजाणता पिंपर्नेलच्याच मागावर त्याला लावून देते. म्हणजे पर्सीच्या मौनाचा भुर्दंड तिच्या माथी येतो. शेवटाकडे पर्सी एका म्हाताऱ्याच्या वेषात शत्रूच्या हाती सापडतो. शिपाई त्याला चामड्याच्या पट्ट्यांनी बडवतात. एरवी त्या दोघातिघांना सहज लोळवणारा हा धिप्पाड माणूस हात न उचलता मार खातो. तो मार खाणे हे त्या कादंबरीतले मला सर्वांत मोठे शौर्य वाटते. पण तेथेही शेवटी सर्व काही फिटते. होडी तयार असते आणि नवराबायकोची मने जुळतात.

आता आपल्या विराटपर्वाकडे वळू. बारा वर्षांचा वनवास संपला आहे आणि तेरावे वर्ष अज्ञातवासाचे आहे. या वर्षात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी द्यूतातली अट आहे. मत्स्यदेशाच्या राजधानीबाहेर स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर पांडव आपली शस्त्रे बांधून ठेवतात आणि कोणी जवळ जाऊ नये म्हणून शेजारी एक प्रेतही बांधतात. ही राजधानी राजस्थानात जयपूरच्या बाजूला बैराट येथे होती असे सामान्यतः मानले जाते. पण लोकांना विराटनगर आपल्याजवळच हवे असते. आपल्या कृष्णाकाठच्या वाईला तो मान तिथली माणसे देतात, आणि हावेरीकडच्या हानगलला जुन्या शिलालेखांतच विराटनगरी म्हटले आहे. ज्या गावाला थोडी जुनी तटबंदी आहे, त्या गावाला आपल्या आचाऱ्यांत एखादा भीम लपून गेला असावा असे वाटते. हे या कथेच्या लोकप्रियतेचेच लक्षण होय.

पांडव जी सोंगे घेतात त्यांत एक सूत्र आहे. द्यूतप्रिय युधिष्ठिर कंक नावाने राजाचा फाशांचा सोबती होतो. खाण्यात आणि कुस्तीत रमणारा भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात जातो. स्वर्गात नृत्यगायन शिकून आलेला अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नाच शिकवतो. नकुल घोड्यांकडे आणि सहदेव गाईंकडे. प्रत्येकजण आपल्या अंगच्या गुणांपैकी एक धाकटा गुण दाखवतो आणि थोरला झाकतो. अगदीच परके सोंग फार दिवस निभत नाही, हे व्यासांना पक्के ठाऊक आहे. द्रौपदीचे तसे नाही. तिच्याजवळ झाकण्यासारखे शस्त्र नाही आणि दाखवण्यासारखी धाकटी कलाही तिला बेतून घ्यावी लागते. ती सैरंध्री होते, म्हणजे राणी सुदेष्णेची वेणीफणी करणारी, चंदन उगाळणारी दासी. पाच भावांनी आपापले बळ लपवले. तिने आपले राणीपण लपवले. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

अर्जुनाच्या सोंगाची एक अडचण त्याने स्वतःच सांगितली आहे. धनुष्याची दोरी वर्षानुवर्षे ओढून त्याच्या दोन्ही हातांवर घट्टे पडले आहेत आणि ते लपवणे कठीण आहे. उपाय म्हणून तो हातभर बांगड्या घालतो. सोंगाची खरी जोखीम चेहऱ्यात नसून हातात आहे, ही गोष्ट व्यासांनी या एका तपशिलात सांगून टाकली. चेहरा बदलता येतो, केस वाढवता येतात, आवाज बारीक करता येतो. पण हाताला ज्या कामाची सवय आहे, ते काम समोर आले की हात बोलू लागतो.

विराटपर्वात हे हात तीन-चार वेळा तरी बोलण्याच्या बेताला येतात. चौथ्या महिन्यात उत्सवाला जीमूत नावाचा मल्ल येतो आणि त्याच्यापुढे उभे राहायला कोणी धजत नाही. राजा बल्लवाला पुढे व्हायला सांगतो. ओळख पटण्याची भीती असल्याने भीम मनाविरुद्धच आखाड्यात उतरतो. पण एकदा उतरल्यावर हात आखडता घेणे त्याला साधत नाही आणि जीमूत मरतो. मग राजाला चटक लागते. अंतःपुरातल्या स्त्रियांच्या करमणुकीसाठी आचाऱ्याला वाघसिंहांशी झुंजवले जाते. ते पाहून द्रौपदीला घेरी येते, आणि सैरंध्रीचा या आचाऱ्यावर जीव दिसतो अशी कुजबूज सुरू होते. बळ भीमाचे आणि लोकापवाद द्रौपदीचा, असा हा हिशेब पहिल्यापासूनच आहे.

पुढे त्रिगर्तांचा सुशर्मा विराटाला पकडून नेतो, तेव्हा त्याला सोडवायला निघालेला भीम सवयीप्रमाणे एक झाड उपटायला धावतो. युधिष्ठिर त्याला थांबवतो. झाड राहू दे, लोक ओळखतील की हा भीम आहे. माणसे वापरतात तसले एखादे शस्त्र घे, असे तो सांगतो. नायकाला आपले बळ नव्हे तर आपली लढण्याची खास तऱ्हा लपवावी लागते, ही सूक्ष्म गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी जागा मला माहीत नाही. आणि बृहन्नडा उत्तराच्या रथावर सारथी म्हणून निघते, तेव्हा आणून दिलेले कवच ती मुद्दाम उलटेसुलटे अंगावर घेते. अंतःपुरातल्या मुली खोखो हसतात. शेवटी स्वतः राजपुत्र उत्तर अर्जुनाला कवच घालायला शिकवतो!

वर्गात हा प्रसंग सांगताना मुले हमखास हसतात. मीही हसत असे. एका वर्षी मात्र कीचकाची कथा सांगून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, तेव्हा अर्जुन कुठे होता?” प्रश्न साधा होता; पण विराटपर्व वाचण्याची दिशा त्याने बदलावी इतका मोलाचा होता.

कीचक हा राणीचा भाऊ आणि राजाचा सेनापती. वर्षाचे दहा महिने उलटल्यावर त्याची नजर सैरंध्रीवर पडते. तो तिच्या मागे लागतो, ती पळत राजसभेत येते, आणि तेथे भर सभेत तो तिला लाथ मारतो. सभेत युधिष्ठिर आहे आणि भीमही आहे. भीम दात चावतो आणि उठू लागतो. युधिष्ठिर त्याला अंगठा दाबून आवरतो. प्रचलित पाठात तर तो म्हणतो, की बल्लवा, सरपणासाठी झाड पाहतो आहेस काय? सरपण हवे असेल तर बाहेर जाऊन तोड. मग रडणाऱ्या द्रौपदीला तो सांगतो, की नटीसारखी रडत इथे उभी राहू नकोस, खेळात व्यत्यय येतो आहे. हे बोलताना कपाळावर घाम साचलेला आहे, हेही व्यास नोंदवतात. तो घाम दिसला नसता तर युधिष्ठिराला क्षमा करणे अवघड गेले असते.

नाचघरातला क्लार्क केंट आणि या सभेतला भीम यांची जागा एकच आहे. दोघांच्याही अंगी बळ आहे, दोघांपुढेही आपल्या माणसाचा अपमान होतो आहे आणि दोघांनाही सोंग सोडता येत नाही. परंतु क्लार्कच्या कथेत अपमान मुख्यतः क्लार्कचा आहे. येथे लाथ द्रौपदीला बसली आहे. गुपित पाच भावांचे, अट त्यांनी लावलेल्या पणाची, आणि ते गुपित राखण्याची किंमत जिने फासे हातात घेतले नाहीत तिने भरायची. व्यासांनी हे झाकले नाही. त्यांनी ते द्रौपदीच्याच तोंडी घातले.

रात्री ती मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. तिचे ते भाषण फार लांब आहे आणि तसेच ते असायला हवे. ती प्रत्येक भावाची आजची अवस्था सांगते. ज्याचे बाहू दोरीच्या घर्षणाने कठीण झाले, त्याच्या हातांत आता शंखांच्या बांगड्या आहेत, असे ती अर्जुनाबद्दल बोलते. आणि मग आपले हात पुढे करते. राणीसाठी चंदन उगाळून उगाळून त्यांवर घट्टे पडले आहेत. भीम ते हात आपल्या तोंडाशी नेतो आणि रडतो.

एका हातावरचे जुने घट्टे बांगड्यांखाली झाकलेले, आणि त्या झाकण्यापायी दुसऱ्या हातावर पडलेले नवे घट्टे: या दोन चित्रांत मला साऱ्या विराटपर्वाचे मर्म दिसते. वीराने वर्षभर धनुष्य खाली ठेवले म्हणून त्याचे हात मऊ होत गेले असतील. त्याच वर्षात तिचे हात खरबरीत झाले. झोरोच्या किंवा सुपरमॅनच्या कथेत असा दुसरा हात दाखवलेला नाही. तेथे मुखवट्याची किंमत मुखवटा घालणाराच भरतो आणि शेवटी वसूलही करतो.

यावर कोणी म्हणेल, की युधिष्ठिराचे चुकले काय? वर्ष संपत आलेले. भीमाने सभेत कीचकाला चिरडले असते, तर पुन्हा बारा वर्षे सर्वांनाच, द्रौपदीलाही, रानात काढावी लागली असती. हा युक्तिवाद खोटा नाही. भीमसुद्धा आधी तोच करतो. सुकन्या, सीता, लोपामुद्रा यांनी कसे सोसले ते तो तिला सांगतो आणि थोडेच दिवस उरले आहेत, धीर धर, म्हणतो. रडणारा भीमदेखील क्षणभर उपदेशकच होतो! तेव्हा द्रौपदी सांगते, की उद्याचा सूर्य उगवताना कीचक जिवंत असेल तर मी विष घेईन. हिशेबाच्या भाषेला तिने दिलेले हे उत्तर आहे. सोसण्याचा सल्ला बरोबर असू शकतो. पण तो देणारा आणि सोसणारा वेगळे असले, की बरोबर असूनही तो ऐकवत नाही. व्यास दोन्ही बाजूंना पूर्ण बोलू देतात. निवाडा ते वाचकावर सोपवतात. गदगच्या कुमारव्यासानेही पंधराव्या शतकात आपल्या कन्नड भारतात या रात्रीच्या भेटीला मोठी जागा दिली. दोन्ही भाषा कानांवर पडत असलेल्या आपल्या घरांतून कुणी तो भाग गमकींच्या तोंडून ऐकला असेल, तर द्रौपदीचा तो उद्वेग भाषा ओलांडून कसा येतो ते त्यांना सांगायला नको. आपल्याकडे मुक्तेश्वराच्या भारताची जी मोजकी पर्वे हाती लागली, त्यांत विराटपर्व आहे, हेही आपले भाग्य.

पुढचे सर्वांना माहीत आहे. नर्तनशाळेच्या अंधारात भीम कीचकाला ठार करतो आणि त्याचे हातपाय धडात दाबून नुसता गोळा करून टाकतो. गंधर्वांनी मारले अशी हूल उठते. सूडाने पेटलेले कीचकाचे नातलग सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला नेतात, तेव्हा भीम घेतलेला वेष पुन्हा बदलून, तटावरून उडी टाकून जातो आणि तिला सोडवतो. सोंगावर आणखी एक सोंग!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. अर्जुन सभेत नव्हता. तो अंतःपुराकडच्या नर्तनशाळेत मुलींना नाच शिकवीत होता. सुटून आलेली सैरंध्री त्या बाजूने जाते, तेव्हा मुली तिच्याभोवती जमतात आणि बृहन्नडा विचारते, की तू कशी सुटलीस, ते दुष्ट कसे मेले, सगळे सांग. सैरंध्री म्हणते, की बृहन्नडे, तुला सैरंध्रीशी काय करायचे आहे? तू मुलींत सुखाने राहतेस. तिचे दुःख तुला नाही, म्हणून तर हसत विचारते आहेस. बृहन्नडा उत्तरते, की बृहन्नडेलाही दुःख आहे, पण तुला ते कळत नाही. कोणाचे मन कोणाला पुरते कळत नसते. भोवती मुली उभ्या असताना नवराबायकोचे हे बोलणे चालले आहे. दोघांनाही एकमेकांची ओळख आहे आणि दोघांनाही परक्यासारखे बोलायचे आहे. सोंगाने दिलेल्या आडोशामुळेच द्रौपदी अर्जुनाला जे बोलू शकली, ते द्रौपदी म्हणून बोलली असती का, असा मला प्रश्न पडतो. त्या मुलीला मी हा प्रसंग वाचून दाखवला. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते, आणि समाधान नव्हते.

हात लपत नाहीत, हे सूत्र पुढच्या नाटककारांनीही उचलले. भासाची नाटके त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून प्रकाशात आणली. त्यांतल्या ‘पंचरात्र’ नाटकात पांडवांची बातमी पाच रात्रींत लागली तर त्यांना अर्धे राज्य द्यायचे ठरते. तेवढ्यात विराटाकडून वार्ता येते, की कोणी अज्ञाताने रात्री, शस्त्रावाचून, शंभर कीचक मारले. भीष्म ताबडतोब ओळखतात, की हे भीमाचे काम. चेहरा कोणी पाहिला नाही. पण काम हीच सही होती.

हेच सूत्र मराठी रंगभूमीवर एकदा विलक्षण तऱ्हेने खरे ठरले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. १९०५ ची वंगभंगाची जखम ताजी होती. नाटकात कर्झनसाहेबाचे नाव कोठेही नव्हते. होती ती महाभारतातलीच पात्रे. तरी प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला, सैरंध्रीत हिंदमाता, सबुरी सांगणाऱ्या कंकात मवाळ आणि बल्लवात जहाल. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या १९१० च्या पुस्तकात हे सर्व रूपक उलगडून सांगितले आहे, आणि त्याच वर्षी सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोगांसंबंधीच्या कायद्याखाली नाटकावर बंदी घातली. या नाटकाचे मला विशेष वाटते ते असे, की अज्ञातवासाची कथा सांगणारे नाटक स्वतःच अज्ञातवासात होते. पुराणाच्या बांगड्या घालून त्याने आपल्या हातावरचे घट्टे झाकले होते. लोकांनी ते ओळखले आणि थोड्या उशिराने राज्यकर्त्यांनीही. शिवाय खाडिलकरांनी मूळ कथेतला नेमका तोच वाद उचलला, ज्याला उत्तर सोपे नाही: सबुरी की प्रतिकार, आणि तोवर सोसायचे कोणी?

आजच्या चित्रपटांनी या कथेचे पुष्कळ अवतार पाहिले. १९८८ च्या ‘शहेनशाह’मध्ये अमिताभ बच्चनचा भित्रा, लाचखाऊ भासणारा फौजदार रात्री न्याय करायला निघतो. १९९५ च्या ‘बाशा’ या तमिळ चित्रपटात रजनीकांतचा रिक्षावाला आपला पूर्वेतिहास लपवण्यासाठी खांबाला बांधून घेऊन मुकाट मार खातो. आणि बहिणीला हात लागतो तेव्हा मात्र त्याचे सोंग गळून पडते. त्याचीच कन्नड आवृत्ती ‘कोटिगोब्बा’ २००१ साली विष्णुवर्धन यांनी केली आणि आपल्या भागातल्या थिएटरांतून तिला शिट्ट्या पडल्या. त्या शिट्ट्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. भीम नर्तनशाळेत दबा धरून बसतो तेव्हा आपले मनही शिट्टीच वाजवीत असते. उणीव निराळीच आहे. या पटांत बहिणीचा अपमान नायकाच्या हाताला मोकळीक देण्यापुरता येतो. तो झाला, की ती बाजूला होते आणि हाणामारी सुरू होते. मध्यरात्री उठून, तुमच्या गुपितापायी माझे हे हाल झाले, असे नायकाला बजावण्यासाठी तिला कोणी पाच मिनिटे देत नाही. व्यासांनी ती दिली. म्हणून तीन तासांच्या खेळानंतर विसरता येणारी गोष्ट तेथे विसरता येत नाही.

विराटपर्वाच्या शेवटी आणखी एक हिशेब आहे. विजयी उत्तराची वाखाणणी चालू असता कंक पुन्हा पुन्हा बृहन्नडेचे नाव घेतो. संतापलेला विराट त्याच्या तोंडावर फासे फेकून मारतो आणि युधिष्ठिराच्या नाकातून रक्त येते. आता मुकाट्याने सोसण्याची पाळी त्याची. अर्जुनाने हे रक्त पाहिले तर विराटाची धडगत नाही, म्हणून तो द्वारपालाच्या कानात सांगतो, की उत्तराला एकट्यालाच आत सोड. आणि ते रक्त जमिनीवर पडू नये म्हणून सोन्याच्या पात्रात धरते कोण? जिला त्याने सभेत रडू दिले नव्हते, ती सैरंध्रीच. व्यास येथे एक शब्दही जास्त बोलत नाहीत.

गोग्रहणाच्या वेळी शमीवृक्षाखाली अर्जुन हातांतल्या बांगड्या उतरवतो आणि गांडीवाला दोरी चढवतो. त्याचे घट्टे पुन्हा कामाला लागतात. ते आता भूषण आहेत. द्रौपदीच्या हातांवरच्या घट्ट्यांना असा दिवस येत नाही. पुढे उद्योगपर्वात कृष्णशिष्टाईच्या आधी भीमदेखील तहाची भाषा बोलू लागतो, तेव्हा ती आपले केस हातात धरून कृष्णाला म्हणते, की तह बोलताना यांची आठवण ठेव. हे दोघे लढणार नसतील तर माझे वडील लढतील, माझे मुलगे लढतील. अज्ञातवास पुरुषांसाठी एका वर्षात संपला होता. तिच्यासाठी तो संपायचा होता.

मुलांनी झोरो वाचावा, सुपरमॅन पाहावा. त्यात काही बिघडत नाही. पण त्यानंतर त्यांच्या हाती विराटपर्व द्यावे, आणि ते वाचून कोणी उभे राहून “तेव्हा तो कुठे होता?” असे विचारले, तर घाईने समजूत घालू नये.